न विकलेले अरण्य

जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, चेक देशाच्या सरहद्दीला लागून, 'बायरिशर वाल्ड' म्हणजे बव्हेरियाचे अरण्य या नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. म्युनिकला जाणारे आपल्याकडील प्रवासी बहुधा नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा आणि आल्प्सची शिखरे पाहून परततात. या बाजूला फारसे कोणी फिरकत नाही. याच प्रदेशात नॉयशोनाउ या लहानशा गावाजवळ झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी एक लाकडी वाट आणि तिच्या टोकाला एक उंच मनोरा बांधला आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे म्युनिकला मुक्काम असताना तो पाहण्याचा योग आला. बरोबर सौभाग्यवती, तिचे थोरले बंधू आणि वहिनी असे आम्ही चौघे ज्येष्ठ नागरिक, आणि वाट दाखवायला मुलगी.

मेहुण्यांचा परिचय आधी करून द्यायला हवा, कारण या सहलीचा खरा रंग त्यांच्यामुळे चढला. घरात सारे त्यांना अण्णा म्हणतात. सांगलीकडे त्यांची लाकडाची वखार आहे. सागवान, साल, शिवण आणि आता कांडला बंदरातून येणारे न्यूझीलंडचे पाइन, असा चाळीस वर्षांचा व्यापार. ओंडक्यावर एकदा हात फिरवला की घनफूट आणि भाव दोन्ही सांगणारा हा माणूस. मी स्वतः बँकेत कर्ज विभागात आयुष्य घालवले. साठा, तारण आणि वसुली या तीन शब्दांपलीकडे जंगलाकडे पाहण्याची सवय मलाही नव्हती.

म्युनिकहून रेल्वेने प्लाटलिंग, तेथून त्स्वीजेल, मग छोट्या वनरेल्वेने स्पीगेलाउ आणि पुढे बस, असा हा प्रवास आहे. बसला 'इगेलबस' म्हणतात. इगेल हा तिकडचा काटेरी अंगाचा लहानसा प्राणी. या भागातील अनेक गावांत रात्रीचा मुक्काम केल्यास पाहुण्याला एक कार्ड मिळते व त्यावर बस आणि वनरेल्वे दोन्ही विनामूल्य होतात. राष्ट्रीय उद्यानालाही प्रवेशशुल्क नाही. तिकीट आहे ते फक्त या उन्नत वाटेला.

ही वाट २००९ साली खुली झाली. मनोऱ्यातील चढणीसह तिची लांबी सुमारे १३०० मीटर आहे आणि ती जमिनीपासून ८ ते २५ मीटर उंचीवरून जाते. बीच, फर आणि स्प्रूस या वृक्षांचे मिश्र अरण्य येथे आहे. खालून चालणाऱ्याला ज्या झाडांची केवळ खोडे दिसतात, त्यांच्या फांद्या, कोवळे कोंब आणि शंकूच्या आकाराची फळे येथे हाताच्या अंतरावर येतात. फरची फळे फांदीवर उभी आणि स्प्रूसची खाली लोंबणारी, हा पुस्तकी फरक आम्ही प्रथम डोळ्यांनी पाहिला. मध्येच मुलांसाठी दोरांचे झुलते पूल आणि हलत्या फळ्यांच्या वाटा ठेवल्या आहेत. ज्यांना नको त्यांनी शेजारच्या स्थिर वाटेने जावे. आम्ही अर्थातच स्थिर वाटेने गेलो.

पायऱ्या कोठेही चढाव्या लागत नाहीत, ही या बांधकामातली सर्वांत मोठी सोय. चढ शंभर पावलांत जेमतेम सहा पावलांचा, म्हणजे सहा टक्क्यांपर्यंतच राखलेला. वहिनींचे दोन्ही गुडघे दुखरे असल्याने त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची घेतली होती. मंदिराच्या पायऱ्या चढणेही ज्यांनी काही वर्षांपूर्वी सोडले, त्या वहिनी झाडांच्या शेंड्याइतक्या उंचीवर खुर्चीत बसून निवांत इकडेतिकडे पाहत होत्या. पुढे लहान मुलाची गाडी ढकलणारे एक जोडपे आणि मागे काठी टेकीत येणारे नव्वदीचे आजोबा, अशी आमची दिंडी सावकाश वर सरकत होती. आपल्याकडे टेकडीवर काही बांधायचे ठरले की प्रथम पायऱ्यांचा आराखडा होतो. उतरंडीचा विचार नंतर, तोही रुग्णालयापुरता.

अण्णांचे लक्ष झाडांपेक्षा बांधकामावर अधिक होते. ते कठड्यावर टिचकी मारून पाहत, जोडाशी वाकत, खांबाखालचा लोखंडी जोड निरखीत. 'दाजी, हे अखंड लाकूड नाही. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, दाबून केलेली तुळई आहे ही. म्हणून तर एवढी वाकवता आली,' असे त्यांनी मनोऱ्याच्या बरगड्यांकडे बोट करून सांगितले. मनोरा अंड्याच्या आकाराचा आहे, उंची ४४ मीटर, म्हणजे आपल्याकडील चौदा-पंधरा मजली इमारतीएवढी. लाकडाच्या प्रचंड वक्र बरगड्या खालून निघून वर एकत्र येतात, आणि त्यांच्या आतून चढणीची वाट वेटोळे घेत वर जाते. पोटात मात्र पोकळी नाही. तेथे तीन जुने उंच सूचिपर्णी वृक्ष जसेच्या तसे उभे ठेवून त्यांच्याभोवती मनोरा उभारला आहे. त्यामुळे चढताना प्रत्येक वळणावर त्याच झाडांची नवी उंची समोर येते. प्रथम साल, मग वाळक्या फांद्या, मग हिरव्या फांद्या, आणि शेवटी शेंडा.

माथ्यावरील सज्जावर वारा चांगलाच होता. दक्षिणेला शेते आणि लाल छपरांची गावे. हवा अगदी स्वच्छ असेल तर त्यापलीकडे आल्प्सची रांग दिसते. आम्हाला दिसली नाही. उत्तरेला १३७३ मीटर उंचीचे लूझेन आणि १४५३ मीटरचे राखेल ही शिखरे, आणि त्यांच्या पाठीमागे चेक देशातील शुमावाचे अरण्य. दोन देशांतील सीमा कोठे आहे हे वरून ओळखता येत नाही.

लूझेनच्या उतारांवर मात्र गर्द हिरव्या रंगात करड्या काड्या रोवल्यासारख्या दिसत होत्या. अण्णांनी मुलीकडून दुर्बीण घेतली आणि बराच वेळ डोळ्यांना लावून धरली. नंतर ते एवढेच म्हणाले, 'मेलेलं लाकूड आहे. उभ्या उभ्या वाळलंय. यांच्यात कोणी व्यापारी नव्हता काय?'

या प्रश्नाचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. येथील लोक शतकानुशतके लाकडावर जगले. त्स्वीजेल, फ्राउएनाउ ही गावे काचेसाठी प्रसिद्ध. काचेच्या भट्ट्यांना सरपण लागे आणि काचेत मिसळायचा क्षारही लाकडाच्या राखेतून काढीत. पुढे इमारती लाकडासाठी स्प्रूसची पद्धतशीर लागवड झाली. अशा ठिकाणी १९७० साली जर्मनीचे पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ट ग्रझिमेक यांच्यासारख्या मंडळींनी त्याचा आग्रह धरला होता. उद्यान झाले तरी पडलेले झाड उचलणे आणि किडलेले तोडणे ही वनखात्याची जुनी रीत लगेच थांबली नव्हती.

खरा कस लागला तो १९८३ च्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी मोठे वादळ झाले आणि हजारो झाडे आडवी झाली. हा तयार माल होता. उचलून विकला असता तर पैसा आला असता, आणि न उचलला तर कीड वाढणार हे प्रत्येक वनरक्षकाला ठाऊक होते. बव्हेरियाचे तेव्हाचे कृषी व वनमंत्री हान्स आयझेनमान यांनी उद्यानाच्या गाभ्यातील ही झाडे पडली तशीच राहू द्यावीत, असा निर्णय दिला. मुलानातवंडांसाठी येथे पुन्हा आदिम अरण्य उभे राहावे, ही त्यामागची भूमिका होती. उन्नत वाटेच्या शेजारचे माहितीकेंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. उद्यानाचे ब्रीदही तेच सांगते: निसर्गाला निसर्ग राहू द्या.

कीड आलीच. हा भुंगेरा चार-पाच मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. तो स्प्रूसची साल पोखरून आत शिरतो. मादी सालीखाली उभे बोगदे करून अंडी घालते आणि अळ्या दोन्ही बाजूंना आडवे बोगदे करीत जातात. साल काढून पाहिली तर कोणी छापखान्यात नक्षी उठवली आहे असे वाटते. म्हणून जर्मन भाषेत त्याचे नावच 'मुद्रक' असे आहे. निरोगी झाड डिंकासारखा राळ सोडून त्याला बुडवते. पडलेल्या किंवा दुष्काळाने कोरड्या झालेल्या झाडाला ते जमत नाही. उन्हाळे गरम झाले की एका हंगामात त्याच्या दोन पिढ्या होतात. १९९० च्या दशकात लूझेन आणि राखेलच्या उतारांवरील स्प्रूसचे अरण्य हजारो हेक्टरवर वाळून गेले.

स्थानिकांचा संताप समजण्यासारखा होता. आजोबांनी जपलेले जंगल नातवासमोर मरत होते आणि सरकार हात बांधून उभे होते. पाणी आटेल, पर्यटक येणार नाहीत, घरांचे मोल उतरेल, अशी भीती होती. १९९७ मध्ये उद्यान वाढवून त्याचे क्षेत्र २४,००० हेक्टरांच्या पुढे नेले, तेव्हा विरोध अधिकच तीव्र झाला.

अण्णांना हे ऐकताना आपल्याकडचे साल आठवले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात सालाच्या जंगलात खोडकिड्याची साथ आली होती, तेव्हा कीड लागलेली झाडे मोठ्या प्रमाणावर तोडावी लागली. तो माल बाजारात कसा आला आणि भाव कसे पडले, हे त्यांनी तेथेच सज्जावर सविस्तर सांगितले. कीड पसरू नये म्हणून तोडणे हाच शहाणपणा, असे त्यांचे मत होते आणि चाळीस वर्षांच्या धंद्याने ते बनले होते.

खाली उतरल्यावर उद्यानाची एक तरुण मार्गदर्शिका भेटली. तिने आम्हाला रस्त्यालगत कुजत पडलेल्या एका ओंडक्यापाशी नेले. त्याच्या पाठीवर शेवाळ होते, आणि शेवाळातून बोटाएवढी स्प्रूसची रोपे एका ओळीत उगवली होती. डोंगरमाथ्यावर जमिनीवर गवत दाट असते; बी पडले तरी रोप गुदमरते. कुजलेल्या ओंडक्यावर मात्र गवत नाही, ओलावा टिकतो, आणि बर्फही तेथे लवकर वितळते. तेथेच नवे झाड मूळ धरते. वाळलेल्या अरण्यात कोणी एक रोप लावले नाही, तरी आज हेक्टरी हजारोंच्या संख्येने तरुण झाडे उभी आहेत, आणि त्यात नुसता स्प्रूस नसून बर्च, रोवन, बीचही आहेत. भुंगेऱ्याच्या अळ्यांवर जगणारा तीन बोटांचा सुतारपक्षी येथे स्थिरावला आहे. वरून जो गर्द हिरवा रंग दिसला, तो याच नव्या पिढीचा होता.

अण्णा ओंडक्यापाशी उकिडवे बसले आणि एका रोपाला न तोडता बोट लावून पाहिले. मग त्यांनी मुलीमार्फत विचारले, 'आणि शेजारच्या शेतकऱ्याचं काय? त्याच्या जंगलात हा किडा गेला तर त्यानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?'

मार्गदर्शिकेचे उत्तर असे होते. उद्यानाच्या कडेने किमान ५०० मीटर रुंदीचा पट्टा राखलेला आहे. त्या पट्ट्यात कीड लागलेले झाड शोधून तोडले जाते, त्याची साल काढली जाते किंवा ते बाहेर नेले जाते, म्हणजे शेजाऱ्याचे लहानसे जंगल वाचावे. आत हात लावायचा नाही आणि कडेला ढिलाई करायची नाही. अण्णांना हे पटले. मला वाटते, सगळ्या हकिकतीत त्यांना पटलेला पहिला मुद्दा हाच होता.

माझे मत थोडे निराळे आहे. ज्याच्याकडे दुसरे उत्पन्न नाही, त्याला उभे लाकूड कुजू दे असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. बव्हेरियाला हे परवडले, कारण जमीन सरकारची होती आणि राज्य श्रीमंत होते. तरीही कर्जदाराच्या ताळेबंदात 'न विकलेला माल' नेहमी तोट्याच्या बाजूला पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला येथे दुसरी बाजू दिसली. उद्यानाला आज दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक भेट देतात. खानावळी, पाहुणघरे, बस, वाटाडे यांचा धंदा त्यावर चालतो. उन्नत वाट ज्या खाजगी कंपनीने उभारली, तिने तसेच मनोरे चेक देशात लिपनो येथे, उत्तर जर्मनीत रूगेन बेटावर आणि पुढे स्लोव्हाकिया, स्लोव्हेनियातही बांधले. सुरुवातीला पर्यटक येणार नाहीत म्हणून घाबरलेल्या गावांत आता गाड्या लावायला जागा शोधावी लागते. पर्यटकांची ही गर्दी जंगलाला कितपत सोसेल, हा प्रश्न मात्र उरतोच. पाऊल जमिनीवर न पडता वरून पाहणे, हे त्याचे एक उत्तर म्हणता येईल.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. शेजारीच मोठ्या आवारांत लांडगे, लिंक्स, अस्वले, बायसन ठेवली आहेत. तेथील फेरी सात किलोमीटरची असून प्रवेश विनामूल्य आहे, परंतु प्राणी दिसतीलच असे नाही. आम्हाला एक पाणमांजर आणि झोपलेले अस्वल दिसले. तिकडच्या खानावळीत बटाटा आणि कांदा प्रत्येक पदार्थात असतो, तेव्हा दशम्या, खाकरे, चटणी बरोबर असू द्यावी. जून-जुलैत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवस असेपर्यंत जेवणाऱ्यांची मुळीच घाई होत नाही. वर वारा असतो. शाल किंवा स्वेटर भर उन्हाळ्यातही लागतो. चाकांची खुर्ची हवी असल्यास आधी चौकशी करून जावे, आणि गर्दी टाळायची तर सकाळी वाट उघडताच चढायला सुरुवात करावी.