पुस्तक कुणाकडे आहे?

आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणारे असतात आमचे यजमान. पुस्तकाशी त्यांना फारसे कर्तव्य नाही. पुस्तक माझ्या हातात असले की रात्रीच्या भाकऱ्या उशिरा होतात, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. "मिरजेला आहे," असे मी म्हटले की ते निश्चिंतपणे वर्तमानपत्र उघडतात.

तर सांगायचे ते आमच्या पुस्तकभिशीविषयी. पैशांची भिशी कुणाला ठाऊक नाही? आमची तशीच, फक्त तिच्यात पैशाऐवजी पुस्तक फिरते आणि ते कुणाच्याच मालकीचे राहत नाही. १९८० च्या सुमारास आम्ही पाच जणी पुण्याच्या एका वसतिगृहात शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. तेव्हा एकच पुस्तक पाच उशांखालून फिरत असे. वाचनालयात परत द्यायच्या दिवशी पाचवीला ते पहाटे कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली संपवावे लागे. पुढे लग्ने झाली. एक नागपूरला गेली, एक इंदूरला, एक बेळगावला, एक मिरजेला. मी मुंबईत होते, ती यजमानांच्या निवृत्तीनंतर कामोठ्याला आले. २०१७ च्या दिवाळीत फोनवर फराळाच्या गप्पा चालल्या असता बेळगावकरीण म्हणाली, "अगं, चकल्या पाठवतो, तशी पुस्तके का पाठवत नाही?" एवढ्यावर भिशी सुरू झाली.

रीत अगदी साधी आहे. दोन पुस्तके एकाच वेळी फिरतात. एकीने तीन आठवड्यांत वाचायचे, वहीत आपले मत लिहायचे आणि पुढे पाठवायचे. सर्वांचे वाचून होईपर्यंत त्या पुस्तकाविषयी फोनवर चकार शब्द काढायचा नाही. प्रत्येक खेपेला क्रम उलटा करायचा, नाहीतर शेवटच्या बाईला चौघींची मते आयती मिळतात आणि पहिलीला नेहमी कोऱ्या पानाशी झुंजावे लागते. ही सुधारणा नागपूरकरणीने दोन वर्षे पहिली राहून भांडून मिळवली.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, या मोबाईलच्या दिवसांत हा द्राविडी प्राणायाम कशाला? आम्हीही व्हॉट्सअ‍ॅपचा गट काढून पाहिला. चार दिवस पुस्तकावर बोलणे झाले, पाचव्या दिवशी कुणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवले आणि मग त्या गटात फुलेच फुलली. वहीत फूल पाठवता येत नाही. तिथे काहीतरी लिहावेच लागते.

दूर राहून पुस्तकांच्या आधाराने मैत्री करणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांची मैत्री मुख्यतः पत्रांवर वाढली. सुनीताबाईंची पत्रे पुढे 'प्रिय जी. ए.' या नावाने पुस्तकरूपाने आली. आणि पुस्तकेच वाचकाकडे पाठवायची म्हटले तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या कल्पनेतून सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेचे उदाहरण आहे. पंचवीस पुस्तकांची एक पेटी असते. ती वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते आणि वाचकाला पैसा पडत नाही. आमची इंदूरची मैत्रीण लेकीकडे दुबईला गेली, तेव्हा तिथल्या मराठी घरांतून अशी पेटी फिरते हे ऐकून हरखली आणि परत आल्यावर आमच्या दोन पुस्तकांकडे जरा कीव आल्यासारखी पाहू लागली. मी तिला म्हटले, "पेटी मोठी खरी, पण तुझे अक्षर तिच्यात कुठे आहे?"

एकच पुस्तक पाच ठिकाणी वाचले म्हणजे काय होते, ते मला 'बनगरवाडी'ने शिकवले. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. धनगरांच्या वाडीत गेलेला तरुण मास्तर आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वाडी. वसतिगृहात आम्ही ती परीक्षेच्या धाकाने वाचली होती. या वेळी मी ती कामोठ्यात वाचत होते. आमच्या स्टेशनचे नाव मानसरोवर. तिथे हंस नाहीत, हार्बरच्या गाड्या आहेत. चहूकडे सिडकोचे सेक्टर आणि त्यांत सहा-सात मजली इमारती. पण या आकड्यांच्या पोटात मूळचे कामोठे गाव अजून आहे. तिथल्या एक आजी आमच्याकडे भाजी घेऊन येतात. हातातले पुस्तक पाहून त्यांनी गोष्ट विचारली. मी सांगितली. वाडी रिकामी झाली, इथपर्यंत आले तेव्हा आजी म्हणाल्या, "आमची मानसा कुठं गेली नाय. जमीनच गेली." मग खिडकीतून समोरच्या इमारतीच्या वाहनतळाकडे बोट दाखवून तिथे भाताचे कुठले खाचर होते, ते सांगत बसल्या.

नवी मुंबई उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातल्या गावांची शेते शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला जे आंदोलन झाले, त्यात गोळीबाराने पाच माणसे गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळे मला वरवर ठाऊक होते. पण मी ज्या फरशीवर बसून वाडीसाठी डोळे पुसत होते, ती फरशी कुणाच्या खाचरावर आहे, हा विचार तोवर शिवला नव्हता. मी वहीत एवढेच लिहिले. नागपूरकरणीने त्याखाली लिहिले, "आमच्याकडे दुष्काळच दिसला. तुझी आजी पुढच्या पुस्तकालाही विचार."

आता भिशी मोडता मोडता कशी राहिली, ते सांगते. त्यात माझी चूक आहे, म्हणून टाळत होते.

२०२२ च्या पावसाळ्यात पुस्तक मिरजेला गेले आणि तिथेच बसले. तीन आठवडे झाले, दोन महिने झाले. फोन केला की मिरजकरीण म्हणे, "अगं, पाहुणे आहेत," नाहीतर "थोडेच राहिले आहे." तिसऱ्या महिन्यात मी तिला पोस्टकार्ड टाकले. जमत नसेल तर तसे सांगावे, चौघींना ताटकळत ठेवू नये, असे काहीसे लिहिले. लिहिताना मला आपण फार न्यायाने वागतो आहोत असे वाटत होते. आठ दिवसांनी तिच्या नातीचा फोन आला. कार्ड तिने आजीला वाचून दाखवले होते. दाखवावेच लागले, कारण आजीला काचबिंदू झाला होता आणि छापील अक्षर तिला लागत नव्हते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली सांभाळायची, एवढेच हातात असते. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. सांगितले की भिशीतून नाव कमी होईल, अशी तिला भीती. रोज दुपारी ती पुस्तक उघडून मांडीवर घेऊन बसत असे, हे नातीने मला सांगितले तेव्हा मला बोलवेना.

त्या रात्री आम्ही चौघी फोनवर एकत्र बोललो. क्षमा मागून झाली, रडूनही झाले. मग बेळगावकरीण म्हणाली, "तीन वाजता मी रिकामी असते. मीच वाचते तिला." तेव्हापासून दुपारी तीनला बेळगावहून मिरजेला पुस्तक वाचले जाते, पाऊण तास. फोनवर बोलायचे नाही हा आमचा नियम असा मोडला. मोडल्याने तोटा झाला नाही. डोळ्यांनी वाचताना आपण वर्णनांवरून उडी मारतो, पण ऐकणाऱ्याला उडी मारता येत नाही. मिरजकरणीची मते नात वहीत उतरवते आणि खरे सांगायचे तर आता वहीत सगळ्यांत आधी मी तिचेच पान उघडते.

दुसरे संकट टपालाचे. १८ डिसेंबर २०२४ पासून नोंदणीकृत बुक पोस्टाची सोय बंद झाली. किलोभर पुस्तक ३२ रुपयांत जायचे, ते नोंदणीकृत पार्सलाने ७८ रुपयांवर गेले. आमच्यापैकी दोघींना निवृत्तिवेतन नाही. भिशीत पैशाचा विषय प्रथमच निघाला आणि तो कुणालाच आवडला नाही. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा आली. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तक जमिनीवरच्या वाहतुकीने सावकाश जाते. आम्हाला घाई नाहीच. पण पुस्तकांच्या पाकिटात खाजगी मजकूर घालायचा नसतो, त्यामुळे वही वेगळी पाठवावी लागते. ती बहुधा पुस्तकाच्या आधी येऊन पोहोचते. न उघडता ती कपाटात ठेवणे यासारखी कठीण तपश्चर्या नाही!

तेव्हापासून मी पुस्तक आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. साहित्याची ही परीक्षा कुठल्या समीक्षकाने सांगितलेली नाही, पण तिने आमच्याकडे चांगली पुस्तके आली. गेल्या खेपेला मी विश्राम बेडेकरांची १९३९ सालची 'रणांगण' निवडली. हलकी, सहज तीनशेच्या आत. बोटीवरचे ते थोडे दिवस, जर्मनीतून हाकललेली हॅर्टा आणि आपला चक्रधर. चक्रधरवरून वहीत जे रण माजले, ते मी इथे देत नाही. इंदूरकरणीने त्याला भ्याड म्हटले आहे आणि बेळगावकरणीने तिला, एवढे पुरे.

काल ती वही फेरी पुरी करून कामोठ्याला आली. मिरजेच्या पानावर नातीचे टपोरे अक्षर होते. त्याखाली दोन ओळींवरून घसरत गेलेली जाड पेनाची अक्षरे. "हे मी स्वतः लिहिते आहे. पुस्तक नऊ दुपारींत संपले. पुढचे जाडे निवड."

मी कपाटातले सगळ्यांत जाड पुस्तक काढून काट्यावर ठेवले. आठशे चाळीस ग्रॅम भरले.

"कुणाकडे आहे पुस्तक?" बाहेरून प्रश्न आला.

"माझ्याकडे," मी म्हटले. "आज खिचडी."