आर्वेदुईचा वारसाहक्क

जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या तिसऱ्या खंडाच्या (१९५५) परिशिष्टात एका वारसावादाची हकीकत आली आहे. तृतीय युगाच्या १९४४ साली गोंडोरचा राजा ओंडोहेर व त्याचे दोन्ही पुत्र युद्धात पडले. तेव्हा उत्तरेकडील आर्थेदाइनचा युवराज आर्वेदुई याने गादीवर हक्क सांगितला. त्यास आधार दोन होते: तो मूळपुरुष एलेंडिलचा ज्येष्ठ पुत्र इसिल्दुर याचा वंशज होता; आणि त्याची पत्नी फिरिएल ही ओंडोहेरचे एकमेव हयात अपत्य होती.

गोंडोरच्या सभेने उत्तर दिले की, राजपद कनिष्ठ शाखेतील मेनेल्दिलच्या वंशाचेच असून ते केवळ पुत्रपरंपरेने जाते. यावर आर्वेदुईने नुमेनोरचा प्राचीन नियम पुढे केला: राजदंड ज्येष्ठ अपत्याचा, मग ते स्त्री असो वा पुरुष. या मुद्द्याचे खंडन गोंडोरने केलेच नाही. राजकुलातील विजयी सेनापती एआर्निल यास मुकुट दिला.

वस्तुतः हा नियम मान्य केल्यास प्रथम हक्क फिरिएलचा ठरतो, आर्वेदुईचा नव्हे. तथापि निर्णय नियमाने झाला नाही, विजयाने झाला. पुढे ३०१९ साली या दांपत्याचा वंशज आरागोर्न त्याच गादीवर बसला. मात्र त्याच्यापाशी वंशाधिकाराबरोबर विजय व प्रजेची संमतीही होती. तात्पर्य, वंशाधिकार हे राजपदाचे आवश्यक कारण असेल. पर्याप्त कारण नव्हे.