घरी अपंग मांजर आणि माहेरी येणारी लेक

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांचाच भरणा असतो. मांजराविषयी पत्र क्वचित येते, आणि आले तरी ‘मांजराने ओरबाडले, इंजेक्शन घ्यावे का’ एवढ्यापुरतेच. अलीकडे मात्र वेगळी विचारणा होऊ लागली आहे. रस्त्यावर जखमी झालेले, एक डोळा गेलेले किंवा जन्मतःच लटपटत चालणारे पिल्लू मुले घरी उचलून आणतात. पशुवैद्यक त्याचा जीव वाचवतात. मग प्रश्न उभा राहतो की, ते घरात ठेवले तर घरच्या माणसांच्या प्रकृतीला काही धोका आहे काय? मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नव्हे. मांजरावरील उपचारांबाबत पशुवैद्यकांचाच शब्द अखेरचा मानावा. परंतु त्या मांजराची सेवा करणारी माणसे माझ्याच दवाखान्यात येतात, त्यामुळे या विषयाकडे पाठ फिरवून मला चालत नाही.

आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण घेतो. त्यांच्या गल्लीत सात-आठ महिन्यांची मांजरी त्यांच्या डोळ्यांदेखत मोटारसायकलखाली आली. कंबर मोडली, मागचे दोन्ही पाय लुळे पडले. एरवी अशा मांजराला पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येण्याची आपल्याकडची रीत. गुरुजींनी तिला जाड टॉवेलात गुंडाळून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले आणि तेथून शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. पायाच्या बोटांना जोराचा चिमटा काढूनही तिला वेदना कळत नव्हती. अशा वेळी पाय पुन्हा चालू लागण्याची आशा फार थोडी असते. लघवीचा ताबाही गेलेला. पुढचे धड मात्र ठणठणीत, भूक सणसणीत. तिचे नाव मनी ठेवले आणि ती घरातली झाली.

चार-पाच महिन्यांनी गुरुजींची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची वेळ आली. सासरहून निरोप आला, “त्या घरात मांजर आहे तोवर आमची सून तिकडे येणार नाही.” गुरुजी माझ्यासमोर बसून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मांजर ठेवू की लेक आणू, एवढेच सांगा.”

सासूबाईंची भीती निराधार नव्हती. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे आणि त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गर्भवती स्त्रीला आयुष्यात प्रथमच याची लागण झाली तर तो गर्भापर्यंत पोहोचू शकतो. पहिल्या महिन्यांत तो पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचला तर इजा गंभीर. गर्भपातही होऊ शकतो. शेवटच्या महिन्यांत तो पोहोचण्याची शक्यता जास्त, इजा त्यामानाने सौम्य. मात्र अशा मुलाच्या डोळ्यांना पुढे अनेक वर्षांनीही त्रास होऊ शकतो.

आता दुसरी बाजू पाहा. मांजर ही अंडी आयुष्यभर टाकत नाही. त्याला पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडेच ती विष्ठेतून येतात, आणि पुढे बहुधा येत नाहीत. ही लागण होते उंदीर, पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने. बाहेर पडलेली अंडीही लगेच रोग देत नाहीत. ती पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलून टाकली की धोका पुष्कळच घटतो. मांजर मांडीवर बसले, त्याच्या अंगावरून हात फिरवला, एवढ्याने हा रोग सहसा होत नाही. अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेली कोथिंबीर, बागेतली माती कालवलेले हात ही त्याची जास्त नेहमीची वाट आहे. गंमत अशी की मनीसारखे मांजर या बाबतीत गावभर हिंडणाऱ्या बोक्यापेक्षा सुरक्षित, कारण तिला उंदीर धरताच येत नाही.

मुलीची रक्ततपासणी करून घेतली. टोक्सोप्लाझ्माची प्रतिपिंडे निगेटिव्ह आली. निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असे पुष्कळांना वाटते; येथे अर्थ उलटा आहे. तिला पूर्वी कधी लागण झालेली नाही, म्हणजेच तिच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही. तेव्हा नियम कडक ठरवले. मनीची शी-शू मुलीने अजिबात काढायची नाही. गुरुजींच्या पत्नीने रबरी हातमोजे घालून ती रोज काढायची, मग साबणाने हात धुवायचे आणि त्यानंतरच स्वयंपाकाला लागायचे. मनीचा मुक्काम मागच्या पडवीत. कच्चे मांस मनीलाही नाही आणि अर्धकच्चे कोणालाच नाही. हा दुसरा नियम गुरुजींच्या शाकाहारी घरात सोपा होता. भाजीपाला दोन पाण्यांनी धुवायचा, आणि तुळशीची माती उकरायची ती मुलीने नव्हे. हे सगळे कागदावर लिहून तिच्या प्रसूतितज्ज्ञांना दाखवायला सांगितले. त्यांनी मान्यता दिली आणि तो कागद सासरी गेला. मुलगी सातव्या महिन्यात आली. मनी पडवीतच राहिली.

लघवीचा प्रश्न

कंबरेखालून लुळ्या मांजराचा खरा आजार पाय नव्हे, मूत्राशय आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांची शुश्रूषा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. लघवी ठिबकताना दिसते, घरच्यांना वाटते होते आहे. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरचेवर सांडत असते. आत साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि पुढे मूत्रपिंडांवर येते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा पोटावर हलका दाब देऊन मूत्राशय रिकामे करावे लागते. हे वाचून किंवा दुसऱ्याचे ऐकून करू नये. पशुवैद्यकांनी आपला हात धरून शिकवले पाहिजे, कारण चुकीच्या जागी जोर दिला तर मूत्राशय फुटू शकते. गुरुजींना हे जमायला आठवडा लागला. त्यांच्या पत्नीला दुसऱ्या दिवशीच जमले, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात!

लघवीला घाण वास आला, रक्त दिसले किंवा मांजर जेवेनासे झाले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे. लघवी अजिबात बाहेर येईनाशी झाली तर उद्याची वाट पाहू नये. रक्तात पोटॅशियम साचून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडते. हे धडधाकट बोक्यांतही होते. तो सारखा बसतो, कण्हतो, आणि घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झाले.

फरशीवर घासून होणाऱ्या जखमा आणि लघवीने सोललेली कातडी हे उरलेले दोन त्रास. आपल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीला जखमा होतात, तोच प्रकार. जुन्या सुती साड्यांच्या घड्या अंथराव्यात, ओल्या झाल्या की बदलाव्यात, अंग कोमट पाण्याने पुसून कोरडे करावे.

फरशी पुसताना एक लक्षात ठेवावे. फिनेलमधील कार्बोलिक जातीची द्रव्ये मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत. घसटत चालणारे मांजर ते पोटाला माखून घेते आणि मग चाटते. त्याच्या खोलीत साबणाचे पाणीच बरे. कुत्र्यांसाठी मिळणारी गोचिडांची औषधेही मांजराला लावू नयेत. त्यांतील परमेथ्रिनने मांजराला झटके येतात.

दूध-पोळीवर भागत नाही

गुरुजींच्या घरी मनीला आरंभी दूध-पोळी मिळे आणि तिला सतत जुलाब होत. वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. लुळ्या मांजराला जुलाब म्हणजे घरच्यांची दिवसरात्र धुणी. पण मुद्दा जुलाबांपेक्षा मोठा आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला पुरेसे स्वतः तयार करता येत नाही, आणि ते प्राणिज आहारातूनच, मुख्यतः मांस-मासळीतून मिळते. ते कमी पडले तर दृष्टिपटल झिजून मांजर आंधळे होते, हे 1975 मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवले. त्याच कमतरतेने हृदयही सैल पडते, हे 1987 मध्ये सिद्ध झाले. घरात मांसमच्छी चालत नसेल तर मांजरासाठी मिळणारे तयार कोरडे खाद्य आणावे. गुरुजींनी अखेर तेच केले. त्याचा डबा स्वयंपाकघराबाहेर असतो, ही त्यांच्या पत्नीची अट.

आणि घरातल्या औषधांच्या डब्याला तर हात लावूच नये. मांजर कण्हते म्हणून पॅरासिटामॉल दिल्याच्या हकिकती ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो. आपले यकृत ते सहज निकामी करते; मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारे एन्झाइम फार अपुरे असते. रक्त काळपट होते, श्वास लागतो, तोंड सुजते. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचीही गत फारशी निराळी नाही.

चावले तर

दुखावलेले मांजर जीव वाचवणाऱ्यालाच चावते. त्याचे दात सुईसारखे असतात. वरून ठिपका दिसतो, पण जंतू खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी हात टम्म सुजतो. हळद, चुना, तिखट काहीही न भरता वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे जखम धुवावी आणि डॉक्टरांकडे यावे. हातावरचा चावा असेल तर प्रतिजैविके बहुधा लागतातच.

रेबीजबद्दल तर बोललेच पाहिजे. तो मांजरापासूनही होतो, आणि त्याच्या एका प्रकारात जनावर पिसाळत नाही, लुळे पडते. मनीचा अपघात गुरुजींनी डोळ्यांनी पाहिला होता. ज्याचे पाय कशाने गेले हे ठाऊक नाही, ज्याची लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, गिळता येत नाही, असे मांजर उघड्या हाताने उचलू नये, पशुवैद्यकांना कळवावे. चावा झाला असेल तर मांजराकडे दहा दिवस लक्ष ठेवावे, पण लस त्यासाठी थांबवू नये. पोटातली चौदा इंजेक्शने आता कोणी देत नाही. ती जुनी लस भारतात 2004 अखेर बंद झाली. आजची लस दंडात घेतात, सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पाळलेल्या मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी, मग पशुवैद्यक सांगतील तशी पुन्हा.

इतर अपंगत्वांचे थोडक्यात सांगतो. तीन पायांचे किंवा आंधळे मांजर घरात उत्तम राहते. आंधळ्याच्या घरातले सामान मात्र वरचेवर हलवू नये. जन्मतः लटपटणारी पिल्ले बहुधा आईला गर्भारपणी झालेल्या विषाणूमुळे तशी होतात. त्यांचा लहान मेंदू नीट वाढलेला नसतो, परंतु ते दुखणे वाढत जात नाही. मांजरांच्या ‘एड्स’चे नाव ऐकून लोक दचकतात. तो विषाणू एचआयव्हीचा चुलतभाऊ असला तरी माणसाला लागत नाही. एका मांजराकडून दुसऱ्याला तो मुख्यतः भांडणातल्या चाव्यातून जातो.

ज्यांचे मूत्रपिंड बदलले आहे, ज्यांची केमोथेरपी चालू आहे, त्यांनी आपल्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय असे मांजर आणू नये. दमेकऱ्यांनीही आधी चार दिवस मांजर असलेल्या घरात जाऊन पाहावे. त्रास केसांचा नसतो, लाळेतील आणि कातडीतील एका प्रथिनाचा असतो, त्यामुळे केस कापून उपयोग नाही. आणि पशुवैद्यकांनी वेदना आटोक्यात येणार नाहीत असे सांगून दयामरण सुचवले तर त्यांच्याशी भांडू नये.

घरात राहणारे मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. गुरुजी आज 69 वर्षांचे आहेत. मूत्राशय रिकामे करण्याचे काम घरातल्या किमान दोघांना आले पाहिजे, आणि घर बंद करून लग्नाला जायचे तर तिसऱ्यालाही. गुरुजींच्या शेजारचा बारावीतला मुलगा सध्या ते शिकतो आहे.