रविवार पाहून हंगाम येत नाही

मुंबई इलाख्याचं सरकारच एकेकाळी दरवर्षी सहलीला निघायचं. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे असा गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम हलायचा आणि त्यांच्यामागे फायली, खानसामे, घोडे, पेटारे सगळं घाट चढायचं. साहेबांचे क्लब या वाटेवरच उभे राहिले. १८८१ मध्ये महाबळेश्वरचा, १८८६ मध्ये पुण्यात पूना क्लब. सरकार गेलं, पण घोड्यांनी तो रिवाज सोडला नाही. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती अजूनही हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला होतात.

साहेब निघायचा तो हंगाम चुकवायला. उकाडा नको, मुंबईची संततधार नको. आपल्या जिमखान्यांचं मूळ वेगळं. १९०६ साली निघालेला डेक्कन जिमखाना काय किंवा मुंबईत समुद्राकाठी रांगेने वसलेले जिमखाने काय, सगळे खेळासाठी निघाले. आज मात्र बहुतेक क्लबांच्या नोटीस बोर्डावर स्पर्धेच्या ड्रॉशेजारी सहलीचा कागद असतोच, आणि त्या सहलीची दिशा साहेबाच्या बरोबर उलटी असते. मेंबर हंगाम गाठायला निघतात. अडचण एवढीच की सहल कमिटी रविवार पाहते, आणि ज्वारीला रविवार कळत नाही.

हुरड्याचंच घ्या. दाणा भरलाय पण दुधाळपणा सुटलेला नाही, असे दिवस एका पेऱ्यात आठवडाभराचेच. त्याआधी कणीस पिचकं, त्यानंतर दाणा कडक. कमिटी मात्र नोव्हेंबरातच जानेवारीतला एक रविवार ठरवून मोकळी होते. यातून वाट काढली ती शेतकऱ्यानं. हुरड्याचा धंदा करणारे आता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरतात, म्हणजे कुठलीही बस आली तरी एखादा तुकडा खाण्याजोगा असतोच. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं, आणि भाजलेलं कणीस हातावर चोळून, फुंकर मारून दाणे पुढे करणारा माणूस. त्याचे तळवे पाहावेत. मेंबर स्वतः एक कणीस चोळून बघतो, हात पोळतो आणि पुन्हा द्रोण पुढे करतो. गुळभेंडीचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, हरभऱ्याचे ढाळे एवढं असताना अलीकडे शेजारी पावभाजीचा तवा का लागतो, हे मला उमगलेलं नाही. मुलं खातात म्हणे. मुलांनी हुरडा खावा म्हणून तर त्यांना नेलेलं असतं!

द्राक्षांच्या दिवसांत नाशिक, स्ट्रॉबेरीला पाचगणी, एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी-देवगडच्या बागा या सहली आता इतक्या रुळल्या आहेत की त्यांवर वेगळं लिहायला नको. पेट्या भरून परत यायचं, बस.

सांस्कृतिक सहलींचं गणित निराळं. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव डिसेंबरातला, त्यामुळे मुंबई-नाशिकच्या क्लबांना तारखांची चिंता नसते. एकगठ्ठा तिकिटं काढायची आणि बस ठरवायची. पूर्वी गाणं रात्रभर चालायचं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आला आणि त्या रात्री संपल्या. मालकंसानंतर पहाटेचा ललत ऐकून चहाला बाहेर पडणं गेलं; त्याबदल्यात दुपारी सत्र सुरू होतं म्हणून मुलतानी, भीमपलासीला जागा मिळाली. ज्येष्ठ मेंबरांना हा बदल सोयीचा वाटतो, आणि तोंडानं मात्र ते जुन्या रात्रींचीच आठवण काढतात.

याउलट कोकणातली जत्रा. तिथे तिथी चालते, क्लबचं कॅलेंडर नाही. कार्तिक-मार्गशीर्षात सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्या रोज नव्या गावी उतरतात. कलावंत स्वतःच रंग लावतो, स्वतःच लुगडं नेसतो, आणि पेटी-मृदंगाच्या साथीनं मध्यरात्रीनंतर रंगलेलं नाटक दहीकाल्यापर्यंत पोचतं तेव्हा उजाडलेलं असतं. एखाद्या क्लबानं हेच नाटक रिसॉर्टच्या हिरवळीवर संध्याकाळी सात ते नऊ बोलावलं तर तेही होतं. कंपनीला बिदागी मिळते, मेंबरांची झोप मोडत नाही. पण देवळासमोर, पेंगुळलेली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांमध्ये जे घडतं ते त्या हिरवळीवर येत नाही.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची भराडी देवी तर तिथीलाही जुमानत नाही. जत्रेचा दिवस देवीच्या कौलानं ठरतो. तो जाहीर झाला की मुंबईत एकच धांदल उडते, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते आणि तरी जागा पुरत नाहीत. ज्या क्लबांत मालवणी मेंबर जास्त, तिथे ही सहल नोटीस बोर्डावर चढायच्या आत भरते. वार कुठला आहे, हे कोणी विचारत नाही. रजा टाकतात.

ही रजा टाकण्याची तयारी कासला दाखवली पाहिजे. सप्टेंबरात साताऱ्याजवळचं ते पठार रंगतं. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागू लागली. जांभ्यावरचा मातीचा थर जेमतेम बोटभर, त्यात ही फुलं. फोटोसाठी वाट सोडून आत टाकलेलं एक पाऊल किती झाडं चिरडतं ते बसमधून दिसत नाही. बुधवारी जा. पन्नास ऐवजी वीस मेंबर येतील, पण फुलं दिसतील.

काजव्यांच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे. मे अखेर ते पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी या भागात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकतात. हा उजेड म्हणजे नर-मादीची हाक, आणि हेडलाइटच्या झोतात ती हाक पोचत नाही. वन खात्यानं नियम घातलेत, पण पन्नास मोबाइल एकाच वेळी खिशात राहतील याची हमी कोणती कमिटी देणार? बसभर माणसं तिथे नेऊच नयेत.

मोठ्या गटाला न्यायचंच असेल तर भिगवण चांगलं. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित येतात, पट्टकदंब येतात, आणि त्यांचा मुक्काम आठवड्याचा नसून महिन्यांचा असतो, म्हणजे रविवारचीही सोय झाली. नावाडी तिथलेच मासेमार. थव्याच्या फार जवळ होडी घ्यायला चांगला नावाडी तयार होत नाही. त्याला जास्तीच्या नोटा दाखवणारे मेंबर असतात, त्यांना कमिटीनं आवरायचं. होडीत मोजकीच माणसं बसतात, बाकीच्यांना काठावर तासभर थांबावं लागतं, म्हणून चहाचा थर्मास बसमध्ये न ठेवता खाली आणावा. दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी. शाकाहारी मेंबरांचं पिठलं मात्र आदल्या दिवशीच फोन करून सांगावं लागतं.