नव्या घरच्या अंगणातला भुईचाफा

दिवाळीनंतर एखादे कुटुंब टिळकवाडीत किंवा शहापुरात जुने घर विकत घेते. परसात नुसती कोरडी माती दिसते. मग चैत्राच्या सुमारास एका सकाळी त्याच मातीतून पांढरी-जांभळी, सुवासिक फुले वर येतात. ना पान, ना फांदी! घरात कोणीच काही लावलेले नसते, म्हणून सर्वांना नवल वाटते. हा असतो भुईचाफा.

नाव चाफ्याचे असले तरी त्याचे चाफ्याशी नाते नाही. तो आले आणि हळद यांच्या कुळातला. शास्त्रीय नाव 'केम्फेरिया रोटुंडा'. लिनियसने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नाव आहे. 'केम्फेरिया' हा शब्द केम्फर या जर्मन वैद्य-प्रवाशाच्या नावावरून आला.

मग पानांशिवाय फूल येते कसे? पावसाळ्यात भुईचाफ्याला रुंद पाने फुटतात. ती वरून हिरवी, ठिपकेदार आणि खालून जांभळट असतात. ही पाने उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतात व ते जमिनीखालच्या गड्ड्यात आणि मुळांच्या गाठींत साठते. हिवाळ्यात पाने वाळून जातात. झाड मेले असे आपल्याला वाटते, पण ते झोपलेले असते. वसंतात माती तापू लागली, की साठवलेल्या अन्नावर आधी फुले येतात आणि पाने मागून. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, परंतु रोज नवी कळी उमलत राहते.

असे आणखीही पाहुणे आहेत. मे महिन्यात लाल चेंडूसारखे दिसणारे 'मे फ्लॉवर' मूळचे आफ्रिकेतले. वळवाच्या सरीनंतर उमलणारी गुलाबी पावसाळी लिली अमेरिका खंडातली. दोन्ही कंदांतून उगवतात. मात्र हे कंद विषारी असतात. लहान मुलांनी ते तोंडात घालू नयेत.

पालकांना एक विनंती. नव्या घरी गेल्याबरोबर अंगणात फरशी किंवा काँक्रीट घालण्याची घाई करू नका. वर्षाचे सगळे ऋतू एकदा जाऊ द्या. मातीत काय आहे ते मातीच सांगेल. फुले दिसली, की तिथे काडी रोवून खूण करा. पाने वाळल्यावर पाणी देऊ नका, नाहीतर गड्डा कुजतो. त्याच काळात गड्डे उकरून, वेगळे करून दोन-तीन इंच खोल लावता येतात.

आज जुनी घरे पाडून अपार्टमेंट उभी राहत आहेत. घराबरोबर कुणा आजीने लावलेला भुईचाफाही मुरुमाखाली जातो. आपल्या किंवा शेजारच्या घराच्या बाबतीत असे होणार असेल, तर आधी परवानगी घेऊन गड्डे काढून घ्या. एक कुंडीत लावा, एक शेजारी द्या आणि एक शाळेच्या बागेसाठी आणा. पुढच्या चैत्रात ते आपल्याला नक्की भेटतील!