कुंडीतला वड

मनमाडहून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी दिसू लागते. अशा काळ्या कातळाच्या कपारींत वडाचे किंवा पिंपळाचे एखादे झाड उगवलेले पुष्कळदा आढळते. पाखराच्या विष्ठेतून पडलेले बी फटीत रुजते, मूठभर मातीवर जगते आणि वर्षे लोटली तरी फारसे उंच होत नाही. खोड जून होते, मुळे दगडाला मिठी मारतात. परंतु झाड मात्र ठेंगणेच राहते. त्याच्या वाट्याला माती थोडी येते, पाणीही थोडे येते. प्रकाश आणि वारा यांना मात्र तोटा नसतो.

निसर्गाची ही करामत माणसाने आपल्या हातांनी साधली, तिला बोन्साय म्हणतात. हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ उथळ पात्रात लावलेले झाड असा आहे. कलेचा उगम मात्र चीनमध्ये झाला. जपानने ती आपलीशी करून वाढविली. फांद्या व मुळे वेळोवेळी छाटून झाड लहान ठेवायचे, एवढेच तिचे रहस्य. बोन्सायची जात निराळी नसते. कुंडीतला वड हा पारावरच्या वडाचाच भाऊबंद होय.

हे विसरले गेल्यामुळेच पुढचा अनर्थ ओढवतो. मनमाडच्या एखाद्या घरी असा वड येतो, तेव्हा त्याला बहुमानाची जागा म्हणून दिवाणखान्यातील मेजावर बसविले जाते. मनमाड हे वर्षानुवर्षे पाणीटंचाई सोसलेले गाव. वाघदर्डी धरणातून येणारे पाणी किती दिवसांनी मिळेल याचा हिशेब करीत येथील लोकांनी हंडे, पिंपे भरून ठेवलेली आहेत. तरीही त्या साठ्यातील एक तांब्या घरातील माणसे न चुकता वडाला घालतात. काही आठवड्यांनी पाने पिवळी पडून गळू लागतात. झाड तहानलेले दिसते, म्हणून एकाचे दोन तांबे होतात. झाड अधिकच सुकते.

ज्या गावात थेंब थेंब जपला जातो, तेथे हे झाड पाण्याच्या आधिक्याने मरत असते! हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळीत जी हवा असते, तिच्यातील प्राणवायू त्या घेतात. पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिली, तर मुळे गुदमरतात व कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही; म्हणून चिखलात उभे असलेले झाडही तहानेने कोमेजते. वरून दिसणारे लक्षण एकच, कारणे मात्र परस्परविरोधी. त्यात कुंडीत आपल्याकडची काळी माती असेल तर संकट दुणावते, कारण ती भिजली की फुगून घट्ट होते आणि वाळली की भेगाळते. खोलीतील मंद उजेडही घात करतो. तेथे माती लवकर वाळत नाही आणि पानांना अन्न तयार करण्यापुरता प्रकाश मिळत नाही. माणसाचा डोळा अंधुक उजेडाला सरावतो, त्यामुळे खोली त्याला प्रकाशमान वाटते. झाडाची अशी फसवणूक होत नाही.

आता उपचाराकडे वळू. पाने झडली म्हणून झाड मेले असे समजू नये. जागा बदलली तरीसुद्धा वडाची पाने गळतात. एका बारीक फांदीची साल नखाने हळूच खरवडून पाहावी. आत हिरवा ओलसर थर दिसला, पांढरा चीक आला, तर जीव शिल्लक आहे. एक फांदी कोरडी निघाली तर तिच्याखालची, आणि शेवटी खोड तपासावे.

मग मातीत बोटाचे एक पेर खुपसावे. माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि तळाच्या छिद्रातून ते वाहून जाईपर्यंत द्यावे. ते छिद्र बुजलेले आहे का, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहते का, हे पाहण्यास कित्येकजण विसरतात. मातीला आंबूस घाण येत असेल तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. झाड अलगद बाहेर काढावे, काळी व लिबलिबीत झालेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, टणक मुळांना धक्का लावू नये. भरड वाळू, विटेचे बारीक खडे आणि थोडे चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत यांच्या मिश्रणात ते पुन्हा लावावे. एरवी वडाची कुंडी बदलण्यास पावसाळ्याचा आरंभ उत्तम. परंतु मुळे कुजत असताना मुहूर्त पाहत बसू नये.

यानंतर झाडाला बाहेर न्यावे, पण एकदम नव्हे. अंधारातून आलेले झाड वैशाखातील उन्हात ठेवले तर उरलीसुरली पाने करपतील. आधी सावलीची ओसरी, मग सकाळचे कोवळे ऊन, असा क्रम असावा. खताची घाई करू नये. दुखावलेल्या मुळांना ते बाधते.

जपानमधील हिरोशिमा येथे यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय होते. 6 ऑगस्ट 1945 रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा हे झाड स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. रोपवाटिकेच्या उंच भिंतीमुळे ते वाचले. 1976 मध्ये ते अमेरिकेला भेट देण्यात आले. त्याची जोपासना 1625 पासून होत आली आहे असे मानतात. हिरोशिमाची हकीकत वॉशिंग्टनमधील त्याच्या रक्षकांना 2001 मध्ये कळली, कारण यामाकींचे नातू ते झाड पाहावयास आले. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी रोज त्याच्या मातीला हात लावून पाहिला, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले.

मनमाडच्या ओसरीवरील वडाला इतके दीर्घ आयुष्य मिळेल की नाही, हे त्याच्या घरातील माणसांवर अवलंबून आहे. उपचारानंतर कित्येक आठवडे त्याच्यात काहीच फरक दिसत नाही. या काळात नवी मुळे फुटत असतात आणि ती उपटून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. पुढे एखाद्या सकाळी फांदीच्या टोकाशी टोकदार कोंब फुगलेला दिसतो, त्यावरील पातळ आवरण गळून पडते आणि आतून लालसर झाक असलेले कोवळे पान उलगडते. तशी पाच-सहा पाने आल्यावर थोडे पातळ केलेले खत द्यावे. छाटणीची कात्री मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत पेटीतच राहू द्यावी.