जुन्या नाण्याची किंमत कशी काढायची?

रायपूरहून पुन्हा तुमच्या भेटीला आलोय. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी एक डबा माझ्यापुढे ठेवला. आत त्यांच्या सासूबाईंची तीन नाणी, आणि काकूंनी स्वतः जपलेलं पाच रुपयांचं एक.

"अरे, फोनवरचा माणूस म्हणतो या पाच रुपयांचे दहा लाख देतो. आधी नोंदणीचे साडेचार हजार भरायचेत. भरू का?"

"काकू, एक पैसाही पाठवू नका. आधी डबा बघू."

पाच रुपयांच्या नाण्यावर वैष्णोदेवी आहे. २०१२ साली देवस्थान मंडळाच्या २५ वर्षांनिमित्त ही नाणी काढली आणि ती बाजारात फिरलीसुद्धा. म्हणजे किंमत पाच रुपयांच्याच आसपास. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि आपल्या नावानं शुल्क किंवा कमिशन घ्यायला कोणालाही परवानगी दिलेली नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले, की समजा काहीतरी काळंबेरं आहे.

दुसऱ्या नाण्यावर रामदरबार, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि साल १८१८. देव्हाऱ्यात ठेवायला छान, पण कंपनीनं असं नाणं कधी काढलंच नाही. हे अलीकडे बनवलेलं टोकन आहे.

तिसरा राणी छाप रुपया, साल १८६२. काकूंचा चेहरा खुलला, "दीडशे वर्षांहून जुना!" पण मंडळी, नुसत्या वयावर भाव ठरत नाही. अठराशे वर्षांपूर्वीचं कुषाणांचं झिजलेलं तांब्याचं नाणं आजही काही शे रुपयांत मिळतं. १८६२ हे साल तर टांकसाळीनं १८७४ पर्यंत तसंच छापत ठेवलं, त्यामुळे असे रुपये भरपूर आहेत. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया वयानं लहान, पण फार कमी सापडतो. म्हणून त्याला भाव मोठा, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार.

चौथा रुपया १९४४ चा.

आता हिशेब करू. दोन्ही रुपयांचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम. जुन्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली, म्हणून १९४४ च्या रुपयात सुमारे ५.८ ग्रॅम. याला त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं गुणा. झिजेपोटी थोडं वजा करा. ही झाली तळाची किंमत. सदर बाजारात सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या. वजन बरंच कमी भरलं, तर नाणं नकली असण्याची शक्यता धरा.

तळाच्या वर किती मिळेल, हे तीन गोष्टींवर ठरतं: नाणं किती दुर्मीळ, किती चांगल्या अवस्थेत, आणि घेणारे किती. साल, टांकसाळीची खूण आणि छाप भिंगातून बघा. मग लिलावात तसंच नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते शोधा. मागितलेली किंमत धरू नका, मिळालेली धरा. दुकानदार त्याहूनही कमी देणार, कारण त्यालाही नफा हवा.

इथेच काकूंचं नुकसान झालं. राणी छाप रुपया त्यांनी दिवाळीत चिंच लावून लख्ख घासला होता. चकाकी आली, पण बारीक ओरखडे उठले. संग्राहकाला जुना, न घासलेला रंग हवा असतो. म्हणून नाणं कधीही घासू नका, कडेला धरा.

आणखी एक. आपल्या छत्तीसगडच्या मातीत शरभपुरीय आणि कलचुरी राजांची नाणी सापडतात. शेतात किंवा पाया खणताना काही मिळालं, तर विकायला धावू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

काकूंनी तो नंबर ब्लॉक केला. साडेचार हजार वाचले. डबा पुन्हा कपाटात गेला. "सासूबाईंची आठवण म्हणून राहू दे," म्हणाल्या. त्या किमतीचा हिशेब मात्र मला येत नाही. भेटू पुढच्या भागात.